अंडे गेले, खारी आली: कोलेस्टेरॉलच्या पथ्यात नेमके काय चुकते

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्या आणि ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या ४६ वर्षांच्या एका गृहस्थांनी आपले दोन लिपिड प्रोफाइल अहवाल आणि आठवडाभराच्या खाण्याची नोंद पाठवून विचारले आहे: फेब्रुवारीत कंपनीच्या वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले. डॉक्टरांनी गोळी सुरू करायला सांगितले, पण मी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. त्या दिवसापासून अंडी, शेंगदाणे आणि वरणभातावरचे तूप पूर्ण बंद केले आणि ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेले तेल आणले. तरीही मे महिन्याच्या मध्यावर एकूण कोलेस्टेरॉल २३८ वरून २४० झाले. पथ्य पाळूनही आकडा खाली का येत नाही, आणि गोळी न घेता तो येऊ शकेल का?

मी आहारतज्ज्ञ आहे, नौपाड्यात पंचवीस वर्षे हेच काम करते. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा असतो, त्यामुळे त्याविषयी शेवटी थोडेच लिहीन. पथ्य पाळण्यात तुम्ही काही कसूर केलेली नाही, हे नोंदीवरून दिसते. अडचण अशी आहे की तुम्ही जे सोडले त्याचा या आकड्यांशी संबंध थोडा होता आणि त्याच्या जागी जे आले त्याचा फार आहे.

आधी अहवाल नीट वाचू, कारण एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा हा त्यातला सर्वांत कमी उपयोगाचा आकडा असतो. रक्तात कोलेस्टेरॉल कणांमधून फिरते: ‘वाईट’ म्हणतात ते एलडीएल, ‘चांगले’ म्हणतात ते एचडीएल, आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी. फेब्रुवारीत तुमचे एलडीएल १६४, एचडीएल ३९ आणि ट्रायग्लिसराइड १७५ होते. मे महिन्यात एलडीएल १५६, एचडीएल ३६ आणि ट्रायग्लिसराइड २४० आले. एलडीएल आठाने उतरले म्हणून समाधान मानावे, तर ट्रायग्लिसराइड पासष्टाने चढले आणि मुळात कमी असलेले एचडीएल आणखी तीनाने घसरले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की जो आकडा उरतो, तो रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांमधल्या कोलेस्टेरॉलचा मिळून असतो, आणि तुमच्यासारख्या अहवालात मी तोच आधी पाहते. फेब्रुवारीत तो १९९ होता, मे महिन्यात २०४ झाला. म्हणजे तीन महिन्यांच्या कडक पथ्यानंतर तुम्ही होता तिथेच आहात, किंचित मागेच आहात.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बऱ्याच प्रयोगशाळांच्या अहवालातले एलडीएल मोजलेले नसते, हिशेबाने काढलेले असते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीडेवाल्ड सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करतात. तुमचे दोन्ही अहवाल असेच काढलेले आहेत, आकडे घेऊन पाहा, बरोबर जुळतील. या सूत्रात ट्रायग्लिसराइड वाढले की एलडीएल आपोआप कमी दिसते, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर सूत्र चालतच नाही. तेव्हा ते आठ अंक खरेच उतरले की हिशेबात उतरलेले दिसले, यावर मी पैज लावणार नाही.

आता नोंदीकडे वळते. सकाळी दोन अंड्यांच्या जागी टोस्ट किंवा पोहे आले. दुपारी डब्यात तीन पोळ्या, भाजी आणि भात आहे. पाचच्या सुमारास मूठभर शेंगदाण्यांच्या जागी ‘डाएट’ लिहिलेला भाजका चिवडा, आणि घरी आल्यावर चहाबरोबर चार खारी. तुपाशिवाय वरणभात रुचत नाही म्हणून भात एका वाटीचा दोन वाट्या झाला. सोमवारी उपवास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स. त्यात हा आंब्याचा मोसम, तेव्हा एप्रिलअखेरपासून जवळजवळ रोज वाटीभर आमरस. तूप, अंडी आणि शेंगदाणे यांतून मिळणारी ऊर्जा तुम्ही मैदा, पोहे, भात, साबुदाणा आणि साखर यांतून भरून काढलीत. यकृताला गरजेपेक्षा जास्त पिष्टमय पदार्थ आणि साखर मिळाली की ते त्यांची चरबी करते आणि ती ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडते. रक्तात ट्रायग्लिसराइड चढले की एचडीएलचे कण लवकर नष्ट होतात आणि एलडीएलचे कण लहान व दाट होऊ लागतात. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि पोटाचा घेर मोठा, हा मेळ आपल्या भारतीय लोकांत इतका सर्रास दिसतो की मला असा अहवाल आला की आधी भाताची वाटी आठवते, अंडे नंतर.

ट्रायग्लिसराइडचा आकडा दिवसागणिक बराच हलतो, त्यामुळे एका अहवालावरून फार मोठा निष्कर्ष काढणे बरे नाही. परंतु नोंद आणि आकडा एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर ते मानावे. शनिवारी मित्रांबरोबर दोन पेग होतात असे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. मद्यानेही ट्रायग्लिसराइड वाढते, आणि रक्त तुम्ही सोमवारी सकाळी दिले होते.

एलडीएलचे कारण निराळे आहे, आणि ते तुमच्या नोंदीत एका ओळीत लपले आहे. आधी त्यामागचे शास्त्र सांगते. शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवते, ताटातून येणारा वाटा लहान असतो. रक्तातले एलडीएल उचलून परत आत घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर ग्राहक, म्हणजे इंग्रजीत ज्यांना रिसेप्टर म्हणतात ते, असतात. या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आहारात संपृक्त मेद, म्हणजे पाकिटावर ज्याला सॅच्युरेटेड फॅट म्हटलेले असते ते, जास्त झाले की हे ग्राहक कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. म्हणून अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा अन्नातले संपृक्त मेद एलडीएलला अधिक वाढवते. एका अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल २०० मिलिग्रॅमच्या आसपास असले, तरी संपृक्त मेद जेमतेम दीड ग्रॅम असते. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमधून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली, ती याच समजुतीतून.

एलडीएल वाढलेल्या माणसाने संपृक्त मेद एकूण ऊर्जेच्या सहा ते सात टक्क्यांपर्यंत ठेवावे, असे सांगितले जाते. २००० कॅलरींच्या आहारात ते दिवसाला १३ ते १५ ग्रॅम भरते. आता तुमच्या नोंदीतली ती ओळ: ‘चार चहा, रात्री हळदीचे दूध, दूध पिशवीतले फुल क्रीम.’ चार चहांचे मिळून ३०० मिलिलिटर आणि रात्रीचा २०० मिलिलिटरचा पेला, असे अर्धा लिटर दूध धरू. फुल क्रीम दुधात सहा टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये ३० ग्रॅम, आणि त्यातले सुमारे १९ ग्रॅम संपृक्त. दिवसाचा सगळा कोटा चहा आणि हळदीच्या दुधातच संपला, वर पाच ग्रॅम जास्तच गेले. तुम्ही मन मारून जे चमचाभर तूप सोडले त्यात संपृक्त मेद तीन ग्रॅम होते.

तेव्हा पहिला बदल दुधाचा. डबल टोन्ड दुधात दीड टक्का स्निग्धांश असतो. तेवढेच अर्धा लिटर दूध त्या पिशवीतले घेतले तर संपृक्त मेद सुमारे पाच ग्रॅमवर येते आणि एका झटक्यात चौदा ग्रॅम कमी होते. चहा पातळ लागतो अशी तक्रार पहिले आठ दिवस येते. ती सहन होत नसेल तर तीन टक्क्यांचे टोन्ड दूध घ्या, चहा चारांचे दोन करा आणि रात्रीचे दूध बंद करा. दोन्ही हिशेब चालतात. दही आणि ताक त्याच दुधाचे लावा, ते सोडण्याचे कारण नाही.

आईंनी मोठ्या हौसेने कढवलेले साजूक तूप तुम्ही नाकारता आणि त्यावरून घरात रोज धुसफूस होते, असेही लिहिले आहे. दूध बदलल्यावर दुपारच्या वरणभातावर एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, तूप घ्या. त्यांना मात्र हे सांगा की ते एकदाच, आणि भात एकच वाटी. तूप ‘घरचे’ असल्याने एलडीएल वाढत नाही, हा समज मात्र मला मान्य नाही. घरच्या तुपातही साठ टक्क्यांहून अधिक मेद संपृक्तच असते. खोबरेल तेलाची तरफदारी अलीकडे फार ऐकू येते. त्याने एचडीएल थोडे वाढते हे खरे, पण एलडीएलही वाढते, आणि त्यातले ८० टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असते. ओल्या नारळाचे म्हणाल तर पोह्यांवर भुरभुरलेल्या खोबऱ्याची चिंता करू नका. रविवारच्या रश्श्याच्या वाटणात मात्र माणशी २५ ग्रॅम खोबरे सहज जाते आणि त्यात सुमारे सात ग्रॅम संपृक्त मेद असते. वाटणात अर्धे खोबरे आणि अर्धा भाजलेला कांदा असे प्रमाण ठेवले तर रस्सा दाट राहतो आणि जिभेलाही फार कळत नाही.

खारीबद्दल मी थोडी कठोर आहे. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी टेबलावरच्या कोऱ्या कागदावर एक खारी ठेवायला सांगते आणि आमचे बोलणे सुरू होते. वीस मिनिटांनी खारी उचलली की कागदावर तिच्या आकाराचा पारदर्शक डाग उरलेला असतो, त्यातून खालच्या टेबलाचा रंग दिसतो. खारीचे पापुद्रे सुटतात ते मैद्याच्या थरांमध्ये घट्ट मेद लाटलेले असते म्हणून, आणि बेकरीत हा घट्ट मेद बहुधा वनस्पती तूप किंवा मार्गारिन असतो. जानेवारी २०२२ पासून तेले आणि वनस्पती यांतल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे दोन टक्क्यांची मर्यादा आली, हे फार चांगले झाले, कारण ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि एचडीएल उतरवते, म्हणजे दोन्ही बाजूंनी मारते. पण पदार्थ घट्ट राहायला काहीतरी लागतेच, आणि ते आता पुष्कळदा पाम तेलाच्या घट्ट भागातून येते, जे संपृक्त आहे. खारीत म्हणून एलडीएल वाढवणारे मेद आणि ट्रायग्लिसराइड वाढवणारा मैदा एकत्र येतात. टोस्ट, नानकटाई आणि क्रीमची बिस्किटे त्याच घरातली. मारी बिस्किटात मेद कमी असते, पण मैदा आणि साखर असतेच, ते पथ्याचे खाणे नव्हे. भाजक्या चिवड्याचे पाकीट उलटून पाहा: घटकांच्या यादीत पामोलिन आणि साखर दिसली, तर ‘डाएट’ हा शब्द तेवढ्यापुरता विसरा.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ तेलाचे तर हसूच येते. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असते, म्हणून शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, अगदी पामसुद्धा, कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते जवळजवळ नसतेच. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. शेंगदाणा, करडई, राईचे किंवा तांदळाच्या कोंड्याचे तेल आलटून पालटून वापरा आणि लक्ष मापावर ठेवा. तुमच्या घरात चार माणसांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागतो. तो माणशी सव्वा लिटर झाला. मी अर्धा ते पाऊण लिटर सांगते. महिन्याच्या एक तारखेला तीन लिटर तेल वेगळे काढून ठेवावे आणि ते महिनाअखेरपर्यंत पुरवावे. एवढ्या एका गोष्टीने स्वयंपाकघर आपोआप शिस्तीत येते, फोडणीला कोणाला शिकवावे लागत नाही. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, ते वेगळे सांगायला नको.

काय सोडावे हे इतके झाले. काय आणावे याला मी अधिक महत्त्व देते, कारण रिकामी जागा नुसती राहत नाही, तिथे खारी येते.

अंडी परत आणा. सकाळी दोन अंड्यांचा पांढरा भाग रोज चालेल, पिवळ्यासकट अंडी आठवड्यात तीन-चार ठेवा. त्याबरोबर टोस्टऐवजी ज्वारीची अर्धी भाकरी किंवा मुगाचे धिरडे. पोहे करायचेच असतील तर निम्मे पोहे आणि निम्म्या भाज्या व मोड आलेली मटकी असे करा. शेंगदाणेही परत आणा: भाजलेले, बिनमिठाचे, दिवसाला ३० ग्रॅमची एक मूठ. शेंगदाण्यातले बहुतेक मेद असंपृक्त असते, आणि दाणे, बदाम, अक्रोड यांच्या रोजच्या मुठीने एलडीएल थोडे उतरते असे आढळले आहे. बदामच हवेत असे नाही. संध्याकाळी पाच वाजता कार्यालयात ही मूठ आणि एक पेरू किंवा सफरचंद खाल्ले, तर घरी येईपर्यंत खारीची ओढ निम्मी होते, हा माझा अनुभव आहे.

पाण्यात विरघळणारा तंतू, म्हणजे फायबर, हे एलडीएलवरचे आपल्या स्वयंपाकघरातले सर्वांत भरवशाचे साधन आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तरसातील आम्ले बनवून आतड्यात सोडते, आणि पचन झाल्यावर त्यांतली बहुतेक परत शोषली जातात. हा बुळबुळीत तंतू त्यांना आतड्यात धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग यकृताला नवी आम्ले बनवण्यासाठी रक्तातले एलडीएल ओढून घ्यावे लागते. हा तंतू ओट्स आणि जव यांत भरपूर असतो, शिवाय राजमा, चवळी, मसूर, भेंडी, वांगी, गवार, पेरू आणि संत्री यांत असतो. ओट्स किंवा जवातला बीटा-ग्लुकन हा तंतू दिवसाला तीन ग्रॅम मिळाला तर एलडीएल सुमारे पाच टक्क्यांनी कमी होते. जव म्हणजेच सातू, पण बाजारातल्या सातूच्या पिठात बऱ्याचदा गहू आणि डाळेच जास्त असतात. मी अख्खे जव आणून गव्हात एकास तीन या प्रमाणात दळून घ्यायला सांगते. पोळीला किंचित चिकटपणा येतो, बाकी काही नाही. दिवसात दोन वाट्या डाळ किंवा उसळ असावी, आणि ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा. जांभळी नाक्याच्या बाजारात संध्याकाळी भाजी स्वस्त मिळते, पण तुम्हाला घोडबंदरहून त्यासाठी कोण जाणार, तेव्हा दारावर येते ती घ्या.

इसबगोलाचा भुसाही याच वर्गातला. तो पोट साफ होण्याचे औषध म्हणून प्रसिद्ध आहे, पण रोज दहा ग्रॅम घेतल्यास एलडीएल पाच टक्क्यांच्या पुढेमागे उतरते. आधी एक चमचा घेऊन आठवडाभर पाहावे, पोट फुगले नाही तर वाढवावे, प्रत्येक वेळी मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावा, आणि कोणतेही औषध चालू असेल तर दोन तासांचे अंतर ठेवावे. जवसाची चटणी आपल्याकडे होतीच, ती पुन्हा जेवणात आणा. जवस भाजून कुटलेले असावे, अख्खे तसेच बाहेर पडते.

मासे तुम्ही बुधवारी खाता, पण नोंदीत प्रत्येक वेळी पापलेट किंवा सुरमई आहे आणि ती रवा लावून तळलेली आहे. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ मेद कितीतरी जास्त असते, आणि किंमत कमी. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मला पूर्वी सांगितलेली तिखले करण्याची पद्धत मी पुष्कळांना देते: बांगड्याच्या तुकड्यांना हळद, तिखट, आले-लसूण आणि चिंचेचा कोळ लावायचा, पसरट भांड्यात दोन चमचे तेलावर ठेवायचे आणि झाकणावर पाणी घालून वाफेवर शिजू द्यायचे. आठवड्यातून दोनदा असा मासा असावा. कोळंबीत कोलेस्टेरॉल जास्त असले तरी मेद फारच थोडे असते, महिन्यातून दोनतीनदा खायला हरकत नाही. मटणाऐवजी कातडी काढलेली कोंबडी चालेल.

उपवासाविषयी लिहिताना मी जपून लिहिते, कारण ती श्रद्धेची बाब आहे. पण आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तंतू नाही, प्रथिने नाहीत. सोमवार सोडू नका, ताट बदला: सकाळी राजगिऱ्याचे थालीपीठ आणि दही, दुपारी फळ आणि दाणे, रात्री उपवास सुटताना उसळ आणि एक भाकरी. भगर चालेल, पण वाटीभरच आणि दाण्याच्या आमटीबरोबर. आमरसाचा मोसम आता संपतच आला. पुढच्या वर्षी आंबा कापून अर्धा खा आणि त्या जेवणात भात किंवा पुरी घेऊ नका.

लसूण, कोमट पाण्यात लिंबू-मध, सफरचंदाचा सिरका यांची चौकशी तुम्ही केली आहे. लसूण स्वयंपाकात घाला. मध ही साखरच आहे. सिरक्याकडून मला फार अपेक्षा नाही.

तुमची उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७९ किलो आणि पोटाचा घेर ९८ सेंटिमीटर आहे. भारतीय पुरुषांसाठी घेराची मर्यादा ९० धरतात. वजन पाच ते सहा किलोने उतरले तर ट्रायग्लिसराइडवर जो परिणाम होईल तो कोणत्याही एका पदार्थाने होणार नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालणे हवे, इतके की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. चालण्याने एलडीएल फारसे हलत नाही हे आधीच सांगते, म्हणजे निराशा होणार नाही. ट्रायग्लिसराइड मात्र चांगले उतरते आणि एचडीएल हळूहळू थोडे चढते. उपवन तळ्याला किंवा कचराळी तलावाला रोज जाणे तुम्हाला जमणार नाही. ऐरोली स्थानकापासून कार्यालयापर्यंतची रिक्षा सोडा, आणि रात्रीच्या जेवणानंतर सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटे फिरा. जेवणानंतरचे हे फिरणे तुमच्या साखरेसाठीही उपयोगी आहे, कारण एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ५.९ म्हणजे तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. आठवड्यात दोन दिवस बैठका आणि भिंतीला टेकून जोर असा स्नायूंचा व्यायाम घाला. कचराळीला पहाटे तासभर फिरून नंतर गाडीवर वडापाव आणि कटिंग घेणारी मंडळी मी वर्षानुवर्षे पाहते आहे. त्यांचे आरोग्य उत्तम असो, पण त्यांचे अनुकरण करू नका. मद्य निदान पुढची तपासणी होईपर्यंत पूर्ण बंद ठेवा.

आता गोळी. प्रामाणिक उत्तर असे की आहाराने एलडीएल साधारणपणे १० ते १५ टक्के उतरते, फार काटेकोर राहिल्यास थोडे अधिक. तुमच्या १५६ मधून १५ टक्के गेले तर १३३ उरतात. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार कमी धोक्याच्या माणसाचेही एलडीएल १०० च्या खाली असावे, आणि जास्त धोका असलेल्याचे ७० च्या खाली. तुमच्या वडिलांना ५४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत असे झाले असेल, तर ते घराण्यातले अकाली हृदयरोग मानले जाते. त्यात तुमचा रक्तदाब १३४/८६ आहे आणि साखर सीमेवर आहे. त्यामुळे डॉक्टर आणखी तीन महिने थांबायला तयार नसतील, तर ते माझ्या मते योग्यच आहे. आणि गोळी सुरू झाली म्हणजे पथ्य हरले असे नाही. स्टॅटिन वर्गातल्या, म्हणजे एलडीएल उतरवण्यासाठी सहसा देतात त्या, औषधाचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी सहा टक्क्यांच्या आसपासच उतरते. आहाराने मिळणारे १० ते १५ टक्के म्हणजे दोनदा डोस दुप्पट करण्याइतके काम झाले. ज्यांना लहान डोसवर भागवायचे आहे त्यांनी तर आहार अधिकच नेटाने सांभाळावा.

गोळीची सवय लागते असे तुम्ही ऐकले आहे. गोळी थांबवली की एलडीएल पुन्हा पूर्वीच्या जागी जाते, इतकेच होते. स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगावे, डोस किंवा औषध बदलता येते. शेजाऱ्याच्या सल्ल्याने मध्येच बंद करू नये.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी विचारा. थायरॉइडची टीएसएच चाचणी तुमच्या अहवालात नाही. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल वाढते, आणि मग सगळे पथ्य चुकीच्या दारावर टकटक करत राहते. दुसरी लायपोप्रोटीन-ए ही चाचणी: हा घटक बहुतांशी आनुवंशिक असतो, आहाराने हलत नाही, आणि वडिलांचा इतिहास पाहता आयुष्यात एकदा तो तपासून घ्यावा. तिसरे, ट्रायग्लिसराइड आणि पोटाचा घेर पाहता यकृतात चरबी साठली आहे का, हे सोनोग्राफीने पाहावे लागेल का. तुमचे एलडीएल १९० च्या वर असते तर मी आहाराची ही लांबण न लावता तुम्हाला थेट डॉक्टरांकडे पाठवले असते, कारण तेवढे एलडीएल पुष्कळदा आनुवंशिकच असते आणि घरातल्या मुलांचीही तपासणी करावी लागते.

बदल जूनच्या पहिल्या आठवड्यापासून करा आणि बारा आठवड्यांनी रक्त द्या. त्याआधी घाईने देऊ नका, आणि शक्यतो गणपतीच्या आधी द्या, मोदकांनंतर नको. आदल्या रात्री साडेआठपर्यंत नेहमीचे जेवण घ्या, मग बारा तास फक्त पाणी, आणि आदले तीन दिवस कोणताही समारंभ नको. प्रयोगशाळा तीच ठेवा. नोंद पुन्हा आठवडाभराची पाठवा, त्यात सोमवार आणि रविवार दोन्ही असू द्या, आणि दुधाची पिशवी आता कोणत्या रंगाची येते तेही लिहा.